'बहुतेक जमणार नाही' म्हणजे बुकिंग रद्द झालं असं नाही

आमच्याकडे सुट्टीसाठी घर घेणाऱ्या सगळ्यांसाठी

सीझन संपत आला की एक फोन ठरलेला असतो: "आम्ही तुम्हाला आधीच सांगितलं होतं, मग पैसे का कापले?" म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतो आहोत. नियमांचं पान बुकिंगबरोबर तुम्हाला मिळालेलंच आहे. चेक-इनला ३० किंवा जास्त दिवस असताना रद्द केलंत तर पूर्ण भाडं परत, २९ ते १५ दिवस असताना निम्मं, त्यानंतर काही नाही. अनामत रक्कम या हिशेबात धरू नका. ती घरातल्या मोडतोडीसाठी असते आणि तुम्ही आलाच नाहीत तर ती पूर्ण परत मिळते, मग कधीही रद्द करा.

घोळ होतो तो "बहुतेक" या शब्दामुळे. फोनवर तुम्ही म्हणता, "बहुतेक आमचं जमणार नाही, बघतो आणि कळवतो." तुमच्या मनात बुकिंग तेव्हाच रद्द झालेलं असतं. आमच्याकडे मात्र घर तुमच्याच नावावर राहतं, कारण ठरल्या दिवशी तुम्ही बॅगा घेऊन दारात उभे राहिलात तर आम्हाला दार उघडायलाच हवं. तेवढ्या दिवसांत दुसऱ्या कुणी त्याच तारखा मागितल्या, तर आम्ही नाही म्हणून सांगतो.

एका कुटुंबाचं काय झालं ते सांगतो. चेक-इनला ३४ दिवस असताना आजी बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मुलाने हॉस्पिटलमधूनच फोन केला, मागे पेशंटची नावं पुकारलेली ऐकू येत होती. आम्ही म्हटलं, आधी आजींचं बघा, फक्त रद्द करायचं असेल तर एक ओळ लिहून पाठवा. ती ओळ आली नाही. ऑपरेशन झालं, फिजिओथेरपी सुरू झाली, काठी घेऊन का होईना पण आजी येतील अशी घरच्यांना आशा होती. रद्द केल्याचा ईमेल आला तेव्हा १२ दिवस उरले होते. आमच्याकडून परतावा शून्य. त्यांच्याकडे प्रवास विमा होता, म्हणून क्लेम केला. विमा कंपनीने डॉक्टरांचं सर्टिफिकेट पाहिलं. प्रवास करू नये हा सल्ला आजी पडल्यानंतर दोनच दिवसांनी दिलेला होता. तेव्हा रद्द केलं असतं तर पूर्ण भाडं परत मिळालं असतं, म्हणजे नुकसान अपघाताने झालं नाही, उशिराने झालं, असं कळवून त्यांनी क्लेम नाकारला. असा नियम बहुतेक पॉलिसींमध्ये असतो: कारण कळताच रद्द करायचं. त्या तारखांना घरही रिकामंच राहिलं. आम्हाला आजही त्याचं वाईट वाटतं.

तेव्हा एवढंच करा. "अमुक नंबरचं बुकिंग आजपासून रद्द करावं," ही ओळ ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर पाठवा, ज्यांच्या नावावर बुकिंग आहे त्यांनीच. रात्री बाराला दहा मिनिटं कमी असताना मेसेज आला तरी आम्ही तारीख त्याच दिवसाची धरतो. आणि पुढच्या ४८ तासांत मन बदललं, घर तोवर कुणी घेतलं नसेल, तर त्याच दरात ते पुन्हा तुमचं.

पंधरापेक्षा कमी दिवस उरले असताना काहीच परत नाही, हे अनेकांना कडक वाटतं. हॉटेलला शंभर खोल्या असतात, एक रिकामी गेली तर बाकीच्या सांभाळून घेतात. आमच्याकडे एका आठवड्याला एक घर आणि एकच कुटुंब. दोन आठवडे उरले असताना सहसा कुणी नव्याने सहकुटुंब सुट्टी ठरवत नाही. तरीही तुम्ही सोडलेल्या तारखा आम्ही लगेच पुन्हा खुल्या करतो आणि त्या भरल्या तर मिळालेलं भाडं, तुम्ही भरलेल्या रकमेपर्यंत, तुम्हाला परत करतो. म्हणूनच लवकर कळवा म्हणतो.

आता विम्याचं. आम्ही विमा विकत नाही, कुणाकडून कमिशनही घेत नाही. तरी सांगू, की ज्या दिवशी ॲडव्हान्स भरता त्याच आठवड्यात विमा घ्या. संकट दिसायला लागल्यावर घेतलेला विमा त्या संकटासाठी उपयोगाचा नसतो. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडमधल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातली विमानं जवळपास आठवडाभर जमिनीवर होती. अशा वेळी बातमी पाहून विमा काढायला धावणाऱ्याला त्या राखेपुरतं संरक्षण मिळत नाही, कारण घटना आधीच माहीत झालेली असते. कोविडच्या वेळी २०२० मध्येही हेच झालं, शिवाय अनेक पॉलिसींमध्ये महासाथ मुळातच वगळलेली होती.

साधी पॉलिसी तिच्यात लिहिलेल्या कारणांनाच पैसे देते: तुमचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा गंभीर आजार, अपघात, मृत्यू, अशी. रजा नाकारली, पाऊस आहे, मित्रांनी माघार घेतली, यातलं काही सहसा बसत नाही. कुठल्याही कारणासाठी रद्द करता येईल असा जादा हप्त्याचा प्रकार काही ठिकाणी मिळतो. त्यात पूर्ण रक्कम न मिळता बहुधा ५० ते ७५ टक्के मिळते आणि तो सुट्टीचा ॲडव्हान्स भरल्यावर ठरावीक दिवसांतच घ्यावा लागतो. घरात कुणाला जुना आजार असेल तर पॉलिसीतलं 'आधीपासूनचे आजार' हे कलम पैसे भरण्याआधी वाचा. सगळ्यात जास्त क्लेम अडलेले आम्ही तिथेच पाहिले आहेत. चार कुटुंबं मिळून एक घर घेत असाल तर प्रत्येकाचं नाव आणि त्याचा वाटा पॉलिसीत असू द्या. ज्याने पैसे भरले त्याच्या एकट्याच्या विम्यात बाकीच्यांचा वाटा आपोआप येत नाही.

विमा कंपनी तुमच्याकडे पैसे भरल्याची पावती, रद्द केल्याची तारीख आणि किती रक्कम परत मिळाली याचं पत्र मागते. हे पत्र आम्ही शिक्क्यासह एका कामाच्या दिवसात देतो, त्याचे पैसे घेत नाही. मागताना बुकिंग नंबर आणि पॉलिसीवर आहे तसंच नाव लिहा. नावात एका अक्षराचा फरक असला तरी कागद परत येतो आणि तुमचा आठवडा जातो.