फ्रीझरमधलं मटण आणि पहिली रात्र

चैत्र-वैशाखात सातारा-सांगलीकडच्या गावांत जत्रा सुरू होतात. बोकड कापलं जातं, पैपाहुणे जेवून जातात, तरी चार-पाच किलो कच्चं मटण उरतंच. बकरी ईदला मिरजेत, कराडात वाट्याचं मटण घरोघर पोचतं. दोन्हीकडे पुढची गत एकच, पिशव्या बांधायच्या आणि फ्रीझरमध्ये कोंबायच्या. मग दोन प्रकारचे जाणकार भेटतात. एक म्हणतो, तीन दिवसांच्या वर ठेवलेलं मटण म्हणजे विष. तसा मेसेजही त्याच्या मोबाइलवर आलेला असतो. दुसरा म्हणतो, फ्रीझरमध्ये जंतू मरतात, वर्षभर बघायलाच नको.

दोघंही चुकतात. पहिला जरा जास्त.

मटण नासवणारे जिवाणू उणे दहा-बारा अंश सेल्सिअसच्या खाली वाढू शकत नाहीत. त्यांना लागणारं पाणी बर्फात अडकलेलं असतं आणि उरलेलं पाणी इतकं खारट झालेलं असतं की त्यांच्या कामाचं राहत नाही. मात्र ते मरत नाहीत, निदान सगळे तर नाहीच. मटण बाहेर काढून कोमट झालं की उरलेले पुन्हा कामाला लागतात. म्हणून जे मटण फ्रीझरमध्ये जाण्याआधीच दुपारभर उन्हात पडलं होतं, ते फ्रीझर सुधारून देत नाही. पण चांगलं मटण सलग उणे १८ अंशांवर राहिलं, तर जंतूंच्या दृष्टीने ते कितीही दिवस सुरक्षित असतं. अमेरिकेचं कृषी खातं महिन्यांचं जे कोष्टक देतं, तेही चवीचं आणि पोताचं आहे: मटणाचे तुकडे ४ ते १२ महिने, खिमा ३ ते ४, काळीज-गुर्दे तेवढेच, अख्खी कोंबडी वर्षभर, कोंबडीचे तुकडे ९ महिने, बांगड्यासारखी तेलकट मासळी २ ते ३.

या कोष्टकात एक अट दडलेली आहे, ती उणे १८ अंशांची. आपल्याकडे बऱ्याच घरांत एक दाराचा फ्रीज असतो आणि त्याच्या आत वरच्या बाजूला झाकणाचा कप्पा. त्यात पाण्याचा बर्फ होतो म्हणून आपण त्याला फ्रीझर म्हणतो. बर्फ शून्याला होतो! फ्रीजच्या दारावर पाच ताऱ्यांचं स्टिकर असतं, ते विजेच्या बचतीचं. थंडाव्याचे तारे वेगळे, ते असलेच तर त्या कप्प्याच्या झाकणावर असतात. एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. एक तारा असेल तर मटण आठवडाभर ठेवावं, दोन असतील तर महिनाभर. दुकानातला विक्रेता हे सांगत नाही, कारण त्यालाही पाच ताऱ्यांचंच स्टिकर दाखवायचं असतं. शंभर-दोनशे रुपयांत फ्रीजमध्ये ठेवायचा थर्मामीटर मिळतो. तो रात्रभर कप्प्यात ठेवून सकाळी बघावा आणि मग महिन्यांची भाषा करावी.

इथपर्यंतची माहिती कुठेही मिळेल. मला सांगायचं आहे ते वेगळं. ‘किती महिने’ याच्या आधी ‘कापल्यापासून किती तासांनी’ हा प्रश्न येतो आणि तो आपल्याकडे कुणीच विचारत नाही. बाहेरदेशी मॉलमधलं मटण एक-दोन दिवस थंड खोलीत टांगून मगच विकायला येतं. आपण खाटकाकडून नेतो ते अजून गरम असतं. ताजं म्हणजे चांगलं, हे आपल्या डोक्यात पक्कं आहे. लगेच चुलीवर चढवायचं असेल तर ते खरंही आहे. लगेच गोठवायचं असेल तर मात्र तोच ताजेपणा घात करतो.

जनावर मेलं तरी त्याच्या मांडीचा स्नायू त्या क्षणी मरत नाही. आपल्या भागात हे समजावून सांगायला उसाइतकं सोयीचं दुसरं काही नाही. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की त्याच्या आतली विकरं (एन्झाइम) साखर मोडत राहतात आणि कारखान्यावर उतारा घटतो. स्नायूतही तसंच होतं. त्याच्या पेशींत ग्लायकोजेन हा साखरेचाच साठा शिल्लक असतो. रक्त थांबलं, प्राणवायू बंद झाला, तरी पेशी तो साठा मोडून एटीपी नावाचा रेणू बनवत राहतात. या खटाटोपात लॅक्टिक आम्ल साचतं आणि सामू (पीएच, जितका कमी तितकी आम्लता जास्त) सातच्या आसपास असतो तो साडेपाचाच्या थोडा वर येऊन थांबतो. साठा संपला, आम्लता वाढली की एटीपी बनणं बंद होतं.

एटीपी म्हणजे पेशीची ऊर्जा, एवढं शाळेत शिकवतात. स्नायूत त्याचं काम दुहेरी आहे. स्नायूच्या तंतूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांत सरकवून ठेवलेले असतात. मायोसिनच्या धाग्याला बारीक डोकी असतात. ती ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे पकडतात. त्यातून स्नायू आखडतो. ओढण्याची ताकद एटीपीपासून येते, हे आपल्याला अपेक्षित असतं. मौज अशी की पकड सोडायलाही एटीपीच लागतो. पकडायचं की नाही, हे ठरवतं कॅल्शियम. ते एरवी सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम या लांबलचक नावाच्या पडद्यांच्या पिशव्यांत कोंडून ठेवलेलं असतं. गळून बाहेर आलेलं कॅल्शियम परत आत ओढणारे पंप त्या पडद्यांत बसवलेले असतात आणि तेही एटीपीवरच चालतात.

आता बोकड कापल्यावर सावकाश काय घडतं ते पाहा. एटीपी हळूहळू संपत जातो. पंप मंदावतात, थोडं कॅल्शियम बाहेर येतं, डोकी ॲक्टिनला धरतात. सोडायला एटीपी उरलेला नसतो, म्हणून जिथे धरलं तिथेच अडकून बसतात. मृतदेह ताठरतो तो यामुळे. कोंबडीत हे दोन-चार तासांत उरकतं, बोकडात साधारण सहा ते बारा तास लागतात, हवा गरम असेल तर त्याहून लवकर. ताठरलेला स्नायू फारसा आखूड झालेला नसतो. पुढे पेशीतलीच काही विकरं तंतूंचे सांधे कुरतडू लागतात आणि मांस पुन्हा सैल होत जातं.

हेच मटण कापल्यावर तासाभरात फ्रीझरमध्ये टाकलं तर? एटीपी शाबूत, ग्लायकोजेन शाबूत, आणि सगळा खेळ अर्ध्यात गोठलेला. बर्फाचे स्फटिक तयार होताना त्या पडद्यांच्या पिशव्या फाटतात. पंधरा दिवसांनी आपण तो तुकडा काढून परातीत ठेवतो. बर्फ वितळतो, फाटक्या पिशव्यांतलं कॅल्शियम एकदम सगळीकडे पसरतं, आणि ओढायला लागणारा एटीपी अजून तिथेच असतो. मग तो स्नायू आखडतो, पूर्ण ताकदीनं, कुणी थांबवणारं नसताना, एटीपी संपेपर्यंत. हाडापासून सोडवलेला मोकळा तुकडा असा आखडून मूळ लांबीच्या निम्म्याहूनही कमी होऊ शकतो. आखडताना तो स्वतःतलं पाणी पिळून बाहेर टाकतो. परातीत साचणारं लाल पाणी ते हेच. त्याला रक्त समजून पाच वेळा धुणारी माणसं आहेत. तो लाल रंग रक्ताचा नसून स्नायूतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा असतो.

अशा मटणावर कितीही शिट्ट्या काढा, ते चामट लागतं. कारण मटणाचा कडकपणा दोन प्रकारचा असतो. एक कोलॅजेनचा, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणाऱ्या जाळीचा. तो ओल्या उष्णतेत विरघळून जिलेटिन होतो, पायाच्या रश्श्याला चिकटपणा येतो तो त्यामुळे. दुसरा कडकपणा खुद्द तंतूंच्या आखडण्याचा, आणि त्यावर कुकरचा फारसा इलाज चालत नाही. घरात मात्र बोल खाटकालाच बसतो, ‘जून बोकड दिलं’ म्हणून.

न्यूझीलंडवाल्यांनी या प्रकाराची किंमत मोठ्या प्रमाणावर मोजली. १८८२ च्या फेब्रुवारीत ‘डनेडिन’ नावाचं शिडाचं जहाज गोठवलेल्या मेंढ्यांचे सुमारे पाच हजार देह घेऊन तिथून निघालं आणि मे महिन्यात लंडनला पोचलं. माल चांगला होता. त्यावर त्या देशाचा धंदा उभा राहिला. पुढे गोठवण्याची यंत्रं सुधारली, वेगवान झाली, आणि कोवळ्या कोकराचं मांससुद्धा चामट येतं अशा तक्रारी येऊ लागल्या. १९६३ मध्ये लॉकर आणि हॅगयार्ड या तिथल्या संशोधकांनी दाखवलं की न ताठरलेला स्नायू १४ ते १९ अंशांच्या पट्ट्यात ठेवला तर सर्वांत कमी आखडतो, आणि शून्याजवळ नेला तर गोठण्याआधीच जोरात आखडतो. गारठ्याने कॅल्शियमचे पंप मंदावतात, एटीपी मात्र भरपूर असतो, म्हणून. यंत्र सुधारलं म्हणून माल बिघडला, असं क्वचितच सिद्ध होतं. त्यानंतर तिथे मेंढ्या गोठवण्याआधी काही तास बेताच्या थंडीत टांगून ठेवण्याची पद्धत आली, आणि सत्तरच्या दशकात विजेचे झटके देऊन एटीपी आधीच संपवण्याचीही.

आपल्या स्वयंपाकघरात विजेचे झटके द्यायची गरज नाही. घरी आणलेलं मटण झाकून फ्रीजच्या खालच्या भागात एक रात्र ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी वरच्या कप्प्यात टाकावं. गारठ्याने आखडण्याचा धोका फ्रीजमध्येही असतो, पण वितळताना जे घडतं त्यापुढे तो किरकोळ. तोही टाळायचा तर मांडी किंवा खांदा हाडासकट अख्खा आणावा. हाडाला दोन्ही टोकांनी धरलेला स्नायू आखडू शकत नाही, आणि मोठा तुकडा थंडही सावकाश होतो. तुकडे दुसऱ्या दिवशी करावेत. ओट्यावर उघडं ठेवून मात्र हे करू नये. आपल्या उन्हाळ्यात ३२ अंशांच्या वर तासाभरातच जंतू हिशेब चुकता करू लागतात. खिम्याला यातलं काहीच लागू नाही, त्याचे तंतू आधीच तुटलेले असतात. आणि मटण आधीच घाईत गोठवून झालं असेल, तर काढताना ते पाण्यात न टाकता खालच्या कप्प्यात दिवसभर सुटू द्यावं. शून्याच्या जरा खाली, अर्धवट बर्फ असताना, एटीपी झिजत राहतो आणि बर्फाच्या आधारामुळे तंतूंना आखडता येत नाही.

बाकीचं थोडक्यात. गोठताना उणे १ ते उणे ५ अंशांमध्ये बहुतेक पाण्याचा बर्फ होतो. हा टप्पा जितका रेंगाळेल तितके स्फटिक मोठे होतात आणि पेशी फाटतात. जाडी दुप्पट केली की गोठायला लागणारा वेळ दुपटीहून जास्त वाढतो, म्हणून दोन किलोचा गोळा करण्यापेक्षा अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या कराव्यात, हवा काढून. हवा राहिली तर बर्फाची थेट वाफ होऊन मटणावर करडे, कोरडे डाग पडतात. ते खाल्ल्याने काही होत नाही, फक्त चव जाते. चरबीचं खवट होणं उणे १८ अंशांनाही थांबत नाही, फक्त मंदावतं. माशाची चरबी सर्वांत आधी खवटते, मग कोंबडीची, बोकडाची शेवटी. मीठ लावलं तर खवटपणा लवकर येतो, त्यामुळे मीठ-हळद लावून गोठवण्याच्या सवयीतून मीठ तरी वगळावं. पूर्वी फ्रीज नसताना ज्यांनी मांसाच्या चान्या उन्हात वाळवल्या, त्यांनी पाणी काढून घेण्याची हीच युक्ती बर्फाशिवाय साधली होती. आणि गोठवलेल्या पाकिटांवर ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असं मोठ्या अक्षरांत छापतात त्याचं कौतुक नको. उणे १८ अंशांना त्याची गरजच नसते.

ग्रहणात फ्रीजमधल्या भांड्यांवर तुळशीपत्र ठेवणारी घरं आजही आहेत. ग्रहणाचे वेध फ्रीझरला लागत नाहीत, वीज जाण्याचे लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरात सांगलीचा मोठा भाग पाण्याखाली होता आणि कित्येक घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती. गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीझर झाकण न उघडता साधारण ४८ तास धरून राहतो, अर्धा भरलेला २४ तास. एक दाराच्या फ्रीजमधल्या कप्प्याकडून यातल्या निम्म्याचीही अपेक्षा ठेवू नये. वीज आल्यावर सगळं पुन्हा गोठतं आणि मधे काय झालं ते दिसत नाही. त्यासाठी एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून द्यावं, कायमचं. चार दिवस गावाला जाऊन आल्यावर नाणं वरच असेल तर मटण ठीक आहे. थोडं खाली रुतलं असेल तर त्याच दिवशी नीट शिजवून संपवावं, तेही आत अजून बर्फाचे कण असतील तरच. नाणं तळाला गेलं असेल तर वास न घेताच टाकून द्यावं. विषबाधा करणाऱ्या जिवाणूंना वास असतोच असं नाही.