प्रगत अंडाशय-कर्करोगातील रोबोटिक शस्त्रक्रिया

तिसऱ्या टप्प्यातील अंडाशयाचा कर्करोग ओटीपोटाबाहेर पर्युदरावर (पोटाच्या आतल्या अस्तरावर) किंवा लसीका ग्रंथींत पसरलेला असतो. चौथ्यात तो उदराच्याही पलीकडे जातो. डोळ्यांना दिसणारी एकही गाठ मागे न ठेवणे, हे शस्त्रक्रियेचे खरे उद्दिष्ट. रूढ पद्धतीत त्यासाठी पोटावर मधोमध लांब उभा छेद घेतात. रोबोट येतो तो बहुधा कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेलच्या, दर २१ दिवसांनी दिलेल्या, ३-४ फेऱ्यांनंतर; तेही पोटातले पाणी ओसरले, सीए-१२५ (रक्तातली या कर्करोगाची खूण) उतरले आणि सीटी स्कॅनवर आजार आक्रसलेला दिसला तरच.

आधी फक्त कॅमेरा घालून सारे पोट पाहतात. आजार काढण्याजोगा वाटला तर ८ मिमीचे पोर्ट (उपकरणे आत घालण्याच्या नळ्या) साधारण ८ सेंमी अंतराने बसवतात. अंतर कमी पडले की यंत्राचे हात एकमेकांवर आदळतात. गर्भाशय, अंडाशय व नलिका काढताना रुग्णाचे डोके खाली असते. पण त्याच स्थितीत आतडी वर सरकून यकृताचा भाग झाकतात, आणि वपाजाल (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) व मध्यपटल (छाती व पोट यांमधला पडदा) तर तिथेच! म्हणून दिशा बदलावी लागते. जुन्या यंत्रांत त्यासाठी यंत्राचे हात पोर्टपासून सोडवून टेबल फिरवावे लागे. २०१४च्या दा विंची एक्सआय या रोबोटमध्ये हातांना धरणारा वरचा दांडाच फिरतो. टेबल यंत्राशी जोडलेले नसेल, तर हात न सोडवता ते हलवू नये; पोर्टने पोटाची भिंत फाटू शकते.

मोठी अडचण स्पर्शाची. बहुतेक यंत्रांत सर्जनच्या बोटांना काही जाणवत नाही. केमोनंतरचा पांढुरका व्रण आणि जिवंत गाठ दिसायला सारखीच, त्यामुळे शंकास्पद जागेचा तुकडा तपासणीला पाठवतात. आंत्रबंधावरचे (आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यावरचे) आणि यकृतामागचे बारीक दाणे निसटतात. वपाजाल पिशवीत घालून योनीमार्गे किंवा छोट्या छेदातून काढतात. हा छेद हात घालून आतडी चाचपायलाही उपयोगी पडतो. पिशवी टाळली तर पोर्टच्या जागी पेशी रुजण्याचा धोका असतो.

फायदा कमी रक्तस्रावाचा, लवकर घरी जाण्याचा आणि उरलेल्या केमो-फेऱ्या वेळेवर सुरू होण्याचा. आयुर्मानाबाबत मात्र सावध राहावे: २०१८च्या लॅक चाचणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगात छोट्या छेदांची पद्धत उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा वाईट ठरली. आजार वेगळा असल्याने तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू होत नाही. अंडाशयासाठी लान्स ही स्वतंत्र चाचणी हाती घेतली गेली.

कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवण्याच्या जागी, बसलेला सर्जन निर्जंतुक पोशाखात नसतो. मोठी रक्तवाहिनी फुटली तर टेबलाजवळच्या सहायकाने गॉजने दाब धरायचा, मग उपकरणे काढून हात सोडवायचे आणि पोट उघडायचे. त्यासाठी उघड्या शस्त्रक्रियेचा ट्रे सुरुवातीपासूनच मांडून ठेवतात.