ग्रँड विटारा की हायरायडर : बिल्ला एकाचा, इंजिन दुसऱ्याचे

मारुती सुझुकीची ग्रँड विटारा घ्यावी की टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर, हा प्रश्न गोव्यात बहुधा दोन कंपन्यांमधली निवड म्हणून विचारला जातो आणि तिथेच घोटाळा होतो. दोन्ही गाड्या २०२२ साली आल्या, दोन्ही बंगळूरूजवळच्या बिडदी येथे टोयोटाच्याच कारखान्यात तयार होतात, दोन्हींचा प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, सुझुकीचा आहे आणि दोन्हींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २६०० मिलिमीटरच आहे. पुढची जाळी, दिवे, बंपर आणि आतली रंगसंगती वगळली तर उरतो तो लांबीतला फरक : ग्रँड विटारा ४३४५ मिलिमीटर, हायरायडर ४३६५, म्हणजे जेमतेम बोटभर.

नावांनी या गोंधळात भरच घातली आहे. २०२० मध्ये टोयोटाने नुसत्या ‘अर्बन क्रूझर’ नावाने जी गाडी विकली, ती मुळात मारुतीची चार मीटरच्या आतली विटारा ब्रेझा होती. तेव्हा जुन्या गाडीच्या जाहिरातीत ‘अर्बन क्रूझर’ किंवा ‘विटारा’ एवढेच लिहिलेले असेल, तर नोंदणीपुस्तकावरचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय म्हापशाहून मडगावपर्यंत धाव घेऊ नये.

खरी निवड बॉनेटखाली आहे. दोन्ही गाड्यांत हायब्रिडचे, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विद्युत मोटरची जोड असलेल्या गाडीचे, माइल्ड आणि स्ट्राँग असे दोन प्रकार मिळतात. माइल्डमध्ये सुझुकीचे चार सिलिंडरचे १४६२ सीसी इंजिन असते. त्याला जोडलेली छोटी मोटर थोडा हातभार लावते, पण गाडी एकटीने ओढू शकत नाही. स्ट्राँगमध्ये टोयोटाचे तीन सिलिंडरचे १४९० सीसी इंजिन, स्वतंत्र विद्युत मोटर आणि ई-सीव्हीटी हा स्वयंचलित गिअरबॉक्स असतो. त्यामुळे ‘इंजिन टोयोटाचेच हवे’ असा हट्ट धरून माइल्ड हायब्रिड हायरायडर घरी आणणाऱ्याच्या दारात सुझुकीचे इंजिन येते आणि मारुतीचा बिल्ला असलेली स्ट्राँग हायब्रिड ग्रँड विटारा घेणारा शेजारी टोयोटाचे इंजिन चालवतो.

स्ट्राँग हायब्रिड कमी वेगात बऱ्याचदा इंजिन बंद ठेवून विजेवर चालते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत किंवा पणजीत शिरताना लागणाऱ्या रांगेत हा गुण पुरेपूर उपयोगी पडतो. घाटात मात्र त्याला मर्यादा आहे. बॅटरीची क्षमता एक किलोवॉट-तासाहूनही कमी असल्यामुळे चोर्ल्याचा किंवा अनमोडचा लांब उतार उतरताना ती लवकरच भरते आणि पुढचा भार इंजिनच्या रोधावर व नेहमीच्या ब्रेकवर येतो. चढताना भरधाव ओव्हरटेक करू पाहिल्यास तीन सिलिंडरचा आवाजही जाणवतो.

पैशांचा हिशेब भावनेवर सोडू नये. गाड्या आल्या तेव्हा जाहीर झालेले मायलेज माइल्ड मॅन्युअलसाठी लिटरला २१.११ किलोमीटर आणि स्ट्राँगसाठी २७.९७ किलोमीटर होते. वर्षाला १०,००० किलोमीटर धरल्यास ११६ लिटर पेट्रोल वाचते. लिटरला शंभर रुपये धरले तरी ही बचत साडेअकरा हजारांच्या आसपास राहते, आणि दोन प्रकारांच्या किमतींतला फरक लाखांत असतो. गर्दीच्या रस्त्यांवर स्ट्राँगचा लाभ याहून वाढतो हे खरे, तरीही फोंड्याहून पणजीला रोज नोकरीसाठी जाणाऱ्याला ती परवडेल, पण शनिवार-रविवारीच गाडी बाहेर काढणाऱ्याने माइल्डच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय स्ट्राँगची बॅटरी डिकीतली जागा खाते. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे सामान, नारळ आणि सुटकेसा एकदम भरायच्या असतील, तर शोरूममध्ये आधी डिकी उघडून पाहावी. चारही चाकांना ताकद देणारी व्यवस्था स्ट्राँगमध्ये मिळत नाही, ती माइल्डमध्येच मिळते. सत्तरी तालुक्यातल्या चिखलाच्या चढणीवर तिचा उपयोग होईल, समुद्रकिनाऱ्यावर नव्हे. तिथे वाळूत गाडी घालणे गोव्यात बेकायदेशीर आहे.

प्रकार ठरला की मगच बिल्ल्याकडे वळावे, कारण तिथे फरक थोडाच उरतो. मारुतीची मूळ वॉरंटी पूर्वी दोन वर्षांची होती. २०२४ पासून तीही टोयोटाप्रमाणे तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर झाली आहे. हायब्रिड बॅटरीला दोन्हीकडे आठ वर्षांची हमी आहे. मारुतीच्या वर्कशॉपचे जाळे अधिक पसरलेले आहे, त्यामुळे पेडण्याच्या किंवा काणकोणच्या आतल्या गावात राहणाऱ्याने आपल्या घरापासून दोन्ही वर्कशॉपचे अंतर एकदा मोजावे आणि दोन्ही शोरूमकडून त्याच प्रकाराच्या गाडीची डिलिव्हरीची तारीख लेखी घ्यावी. एकाच कारखान्यातून निघणारी गाडी दोन्ही दारांत एकाच दिवशी पोहोचेल असे नाही.