समेटाची बैठक वेगळी, मारणाऱ्यावरचं काम वेगळं

सांगली जिल्ह्यात कुठंही विचारा, नवरा मारतो म्हणून तक्रार गेली, पुढं काय झालं? उत्तर ठरलेलं: "समुपदेशन झालं की." हा एकच शब्द आपण दोन निराळ्या गोष्टींना लावतो.

पहिली गोष्ट समेटाची बैठक. तासगावकडच्या एखाद्या गावात तंटामुक्ती समितीपुढं बसतात. पोलीस पाटील, मुलीचा मामा, सासरचा कारभारी चुलता. नवरा मान खाली घालून "परत हात उचलणार नाही" म्हणतो, सह्या होतात, चहा येतो. तिलाही ऐकवतात, "तूबी जरा तोंड आवर." मग ती त्याच्याच गाडीवर मागं बसून नांदायला जाते. बैठकीत बोललेल्याचा हिशेब रात्री होऊ शकतो हे ठाऊक असल्यानं ती निम्मं बोललेलीच नसते. बांधाच्या भांडणाला ही रीत ठीक. तिथं दोघंही एकमेकांना अडवू शकतात.

दुसरी गोष्ट म्हणजे फक्त मारणाऱ्या नवऱ्यावरचं काम. अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथ शहरात 1981 साली असं काम सुरू झालं आणि त्याचा नमुना पुढं बऱ्याच देशांनी उचलला. कॅलिफोर्नियात घरगुती हिंसेत दोषी ठरून परिवीक्षेवर (प्रोबेशन, म्हणजे देखरेखीच्या अटीवर) सुटलेल्याला 52 आठवड्यांचा कार्यक्रम कायद्यानंच घ्यावा लागतो. पुरुषांचा गट दर आठवड्याला बसतो आणि "राग अनावर झाला" हे वाक्य तिथं सहजी खपत नाही. आपल्याकडं असा गट बसला तर मी पहिला प्रश्न हा विचारीन: साखर कारखान्याच्या चिटबॉयनं तुझी ऊसतोड पंधरा दिवस लांबवली, तेव्हा त्याच्या कानाखाली दिलीस का? नाही ना? म्हणजे राग आवरता येतो. कुणापुढं आवरायचा हे तू ठरवतोस. मग चर्चा मारहाणीपलीकडं जाते. तिचा मोबाईल कोण तपासतं, पासबुक कुणाकडं असतं, माहेरी जायला कुणाची परवानगी लागते. चांगल्या कार्यक्रमात एखादी कार्यकर्ती तिच्याशी वेगळी बोलते, कारण तो सुधारला की नाही हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

(दारू सुटली की मार थांबेल, ही आशा मी बऱ्याच सासवांकडून ऐकलीय. व्यसनमुक्ती जरूर करा. पण शुद्धीत मारणारेही असतात.)

आपला 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा या दोन्हींच्या मधे कुठंतरी उभा आहे. कलम 14 नुसार न्यायदंडाधिकारी त्याला, तिला किंवा दोघांना एकत्र समुपदेशनाला पाठवू शकतात, पण पुढची तारीख दोन महिन्यांच्या आतच ठेवावी लागते. कुठं दोन महिने, कुठं 52 आठवडे! तरी 2006 च्या नियमांतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: हिंसेचं समर्थन त्याला समुपदेशनात करताच येत नाही, आणि हे त्याला आधीच सांगायचं असतं. "आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून" इथं चालत नाही. गावच्या बैठकीत मात्र अर्धा वेळ त्या मिठावरच जातो.

कार्यक्रम म्हणजे जादू नव्हे. डुलुथसारख्या गटांच्या अभ्यासांत परिणाम संमिश्र, बरेचदा माफकच दिसलाय. त्यामुळं तो पूर्ण केल्याचा कागद कुणी दाखवला, तरी तिला कोर्टानं दिलेला संरक्षण आदेश मागं घेण्याची घाई करू नका. आणि "समुपदेशन झालं" असं कुणी म्हणालं की एवढंच विचारा: तिला एकटीला बसवून कुणी विचारलं होतं का?