कर्नल ड्रायव्हरमधली एरर हँडलिंग आणि क्लीनअप

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि ड्रायव्हर म्हणजे त्यातला एखादं उपकरण चालवणारा कोड. तो सुरू होताना मेमरी, क्लॉक (चिपला ताल देणारा सिग्नल), इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला मारलेली हाक) असं एकेक ताब्यात घेत जातो, आणि मधेच एखादी पायरी फसली तर तोवर जेवढं घेतलं तेवढंच, उलट्या क्रमाने परत करायचं, याला ड्रायव्हरमधलं क्लीनअप म्हणतात. लिनक्सच्या ड्रायव्हरमधे बग सापडायची ही नेहमीची जागा, कारण हा कोड एरवी चालतच नाही, काहीतरी बिघडलं की मगच त्याची पाळी येते.

साधा प्रोग्रॅम मेला तर त्याच्या मागची आवराआवर कर्नल करतो, मेमरी सोडतो, उघड्या फायली बंद करतो. कर्नलच्या मागे आवरणारं कोणी नाही. केमॅलॉक या फंक्शनने घेतलेली मेमरी केफ्रीने परत केली नाही तर रीबूट होईपर्यंत ती अडकलेलीच राहते, आणि इंटरप्ट सोडायचा राहून मॉड्यूल, म्हणजे चालू कर्नलमधे जोडलेला ड्रायव्हर, काढलं गेलं तर पुढचा इंटरप्ट येईल तेव्हा हँडलरच, म्हणजे त्याला उत्तर देणारं फंक्शनच, जागेवर नसतो आणि अख्खी मशीन बसते.

गोव्यात चवथीला गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळापानांनी भरलेली चौकट, बांधणाऱ्याला उलटा क्रम शिकवावा लागत नाही. आधी लाकडी चौकट टांगायची, मग आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचे घोस, तवशी (काकड्या). सोडताना चौकटीची दोरी सगळ्यात शेवटी, नाहीतर भार अंगावर येतो. आणि जे बांधलंच नाही ते सोडायला कोणी हात वर करत नाही, ड्रायव्हरमधे मात्र नेमकं हेच होतं.

प्रोब फंक्शन घ्या, म्हणजे उपकरण सापडल्यावर कर्नल ड्रायव्हरचं जे बोलावतो ते. आधी मेमरी, मग क्लॉक चालू, मग आयओरीमॅपने रजिस्टर (उपकरणाच्या आतल्या नियंत्रणाच्या जागा) मॅप, शेवटी रिक्वेस्ट आयआरक्यूने इंटरप्ट. चौथं फसलं तर अनमॅप, क्लॉक बंद, केफ्री, आणि दुसरं फसलं तर फक्त केफ्री. सी भाषेत एक्सेप्शन, म्हणजे चूक झाली की आपोआप बाहेर पडायची सोय, नसतात म्हणून इथे गोटू, म्हणजे कोडमधे दुसऱ्या जागी उडी मारायची आज्ञा, वापरतात: फंक्शनच्या तळाशी उलट्या क्रमाने लेबलं, जिथे फसलं तिथून योग्य लेबलवर उडी, आणि तिथून खाली घरंगळत सगळं सुटत जातं. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राने 1968 साली गोटूवर टीका केली ती आजही कॉलेजात शिकवतात, पण कर्नलचा कोडिंग स्टाइल हा नियमांचा कागद या कामासाठी गोटूच सुचवतो आणि माझ्या मते ते बरोबर आहे, चार पायऱ्यांचे एकात एक इफ लिहून बघा म्हणजे पटेल. सगळ्यांसाठी एकच लेबल ठेवलं की पॉइंटर (मेमरीचा पत्ता) नल, म्हणजे रिकामा, असतानाही त्याच्या आतलं काहीतरी सोडायला जातो, हा इतका नेहमीचा बग की त्याच कागदात त्याला वेगळं नाव दिलंय.

फोंड्याला घरी पाऊस मोजायचा सेन्सर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला लावून मी त्याचा ड्रायव्हर लिहिला होता. पहिल्यांदा लोड केला तर एरर नंबर उणे 19, म्हणजे डिव्हाइसच नाही, वायर सैल होती. वायर घट्ट केली, परत लोड केला, तर उणे 16, म्हणजे बिझी. संध्याकाळभर वायरिंगच तपासत बसलो. पहिल्या फसलेल्या प्रोबने जीपीआयओ पिन, म्हणजे सेन्सरची वायर लावायची पिन, घेऊन ठेवली होती आणि बाहेर पडताना सोडलीच नव्हती, एक ओळ कमी होती. म्हणजे चुकलेलं क्लीनअप तिथल्या तिथे दिसत नाही, पुढच्या वेळी भलत्याच ठिकाणी दुखतं.

रिटर्न कोडचीही काळजी घ्यावी लागते. गोटूच्या आधी एरर नंबर भरायचा राहिला तर सगळं सोडून दिल्यावर प्रोब शून्य म्हणजे यश परत करतो, आणि कर्नल डिव्हाइस चालू आहे असं धरून पुढे जातो. काही फंक्शनं फसल्यावर नल देतात, काही पॉइंटरमधेच एरर नंबर भरून देतात, तिथे नल तपासून काही उपयोग नाही, इझ एरर ही तपासणीच लागते. उणे 517 म्हणजे प्रोब डिफर, आपण ज्याच्यावर अवलंबून आहोत तो ड्रायव्हर अजून आला नाही, नंतर परत बोलवा. एआरएम बोर्डांवर हे बूटच्या वेळी सर्रास होतं, म्हणजे तिथे एररची वाट रोजची वाट असते.

2007 मधे कर्नल डेव्हलपर तेजुन हिओने डेव्हएम हा फंक्शनांचा प्रकार आणला. डेव्हएमवाल्या फंक्शनने घेतलेलं सगळं प्रोब फसला किंवा ड्रायव्हर सुटला की कर्नल स्वतःच उलट्या क्रमाने सोडतो. पण अर्धं डेव्हएम आणि अर्धं हाताने केलं की घात होतो: इंटरप्ट डेव्हएमने घेतला आणि बफर (डेटा ठेवायची मेमरी) रिमूव्हमधे, म्हणजे ड्रायव्हर सुटताना चालणाऱ्या फंक्शनमधे, हाताने केफ्री केला, तर डेव्हएमची पाळी रिमूव्ह संपल्यावर येते, मधल्या वेळेत इंटरप्ट आला की हँडलर सोडलेल्या मेमरीत लिहितो. कर्नलच्या 2023 च्या 6.5 आवृत्तीत गार्ड आणि फ्री ही स्कोपवर (व्हेरिएबल जिथवर चालतं तो कोडचा भाग) चालणारी मॅक्रो आली, व्हेरिएबल स्कोपबाहेर गेलं की लॉक किंवा मेमरी आपोआप सुटते. एकाच फंक्शनमधे ही आणि गोटू मिसळू नका असं तिथेच लिहून ठेवलंय. डिसेंबर 2022 च्या 6.1 पासून कर्नलमधे रस्ट ही भाषाही आली, तिथे हे काम ड्रॉप, म्हणजे व्हॅल्यू संपताना आपोआप चालणारं फंक्शन, करतं.

तपासायला नुसतं वाचून भागत नाही, फसवून बघावं लागतं. फॉल्ट इंजेक्शन, म्हणजे मुद्दाम चूक घडवायची कर्नलमधली सोय, तिच्यातल्या फेल एन्थने पहिलं अलोकेशन (मेमरीची मागणी) फसवायचं, मग दुसरं, मग तिसरं, असं शेवटपर्यंत जायचं, सोबत केमेमलीक (न सोडलेली मेमरी शोधणारं) आणि केएसॅन (सोडलेली मेमरी वापरली की पकडणारं) चालू ठेवायचे. मग सिसएफएस या कर्नलच्या फायलींमधून अनबाइंड (ड्रायव्हर उपकरणापासून सोडवणं), परत बाइंड (जोडणं), असं लूपमधे चालवायचं. माझी ती राहिलेली ओळ या लूपच्या दुसऱ्या फेरीतच सापडली असती.