टेंडन आणि लिगामेंट: कोपर एकच, दुखणी दोन

2004 साली सचिन तेंडुलकरचं डावं कोपर दुखू लागलं आणि ‘टेनिस एल्बो’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोट्या त्याला सोडाव्या लागल्या. मे 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्याआधी तीस वर्षं, 1974 मध्ये, टॉमी जॉन या अमेरिकन बेसबॉलपटूचंही डावंच कोपर गेलं होतं. तेंडुलकरचं दुखणं कोपराच्या बाहेरच्या अंगाला, टेंडनचं. जॉनचं आतल्या अंगाला, लिगामेंटचं. आपल्याकडे दोन्हींना सरसकट ‘नस ओढली गेली’ म्हणतात आणि दोन्हींवर एकच तेल चोळतात. नसेचा तर यात संबंधच नाही.

टेंडन म्हणजे कंडरा, लिगामेंट म्हणजे अस्थिबंध. दोन्ही पांढरट, चिवट आणि मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे. ओळखायचे ते टोकांवरून. टेंडनचं एक टोक स्नायूत असतं आणि दुसरं हाडात. लिगामेंटची दोन्ही टोकं हाडांत असतात. टेंडन हाड हलवतं, तर लिगामेंट हाडाला नको त्या दिशेला जाऊ देत नाही.

स्नायूला मुळात एकच गोष्ट करता येते, आखडणं. त्याच्या पेशींत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू शेजारी शेजारी असतात. मायोसिन अ‍ॅक्टिनला धरून ओढतं, तंतू एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आखूड होतो. ढकलणं त्याला जमतच नाही. आपण दार ढकलतो तेव्हासुद्धा दंडामागचा ट्रायसेप्स कोपराचं हाड मागून खेचून हात सरळ करत असतो. हात वाकवायला पुढच्या बाजूला बायसेप्स लागतो. स्नायूच्या प्रत्येक पेशीभोवती पातळ आवरण असतं आणि ही सगळी आवरणं टोकाशी एकवटून टेंडनमध्ये मिसळतात. म्हणून स्नायूचा सगळा जोर टेंडनमधूनच हाडापर्यंत पोचतो.

हे स्वतःच्या हातावर बघता येतं. उजव्या हाताने डाव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि डाव्या हाताची बोटं टेबलावर वाजवा. हालचाल बोटांत दिसते, पण वळवळ कोपराखाली लागते. बोटं हलवणारे स्नायू बोटांत नसतातच. काही तळहातात असतात, आणि घट्ट मूठ वळणारे कोपराखाली. तिथून लांब टेंडनं मनगटावरून बोटांपर्यंत जातात. आता अंगठा करंगळीला टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसेल. ते पामारिस लाँगस या स्नायूचं टेंडन. काही जणांना ते जन्मतःच नसतं आणि त्यांचं काहीही अडत नाही.

फ्रँक जोब या शल्यविशारदाने 1974 मध्ये नेमकं हेच टेंडन टॉमी जॉनच्या उजव्या हातातून काढलं आणि डाव्या कोपरात तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलं. चेंडू फेकताना कोपर आतल्या बाजूने उघडू पाहतं, ते रोखण्याचं काम आता या टेंडनकडे आलं. जॉन 1976 मध्ये मैदानात परतला, 1989 पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने 164 सामने जिंकून दिले. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. दोन्ही टोकं हाडात बसवली की शरीर त्या टेंडनची अनेक महिने आतून नव्याने बांधणी करतं आणि ते बरंचसं लिगामेंटसारखं होतं.

आपल्याकडे हे जास्त दिसतं ते गुडघ्यात. कबड्डीत चढाई करणारा पाय रोवून अचानक वळतो, आतून ‘कट्’ असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा सुजतो. पुष्कळदा कुणी धक्काही दिलेला नसतो. एसीएल हे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट नडगीच्या हाडाला पुढे सरकू देत नाही. ते तुटलं की सूज उतरल्यावर माणूस सरळ चालतो, पण वळताना गुडघा निसटतो. पूर्ण तुटलेलं एसीएल सहसा आपोआप नीट जुळून येत नाही. म्हणून खेळाडूंमध्ये मांडीमागचं किंवा वाटीखालचं टेंडन घेऊन नवं लिगामेंट करतात आणि खेळायला साधारण नऊ महिने थांबायला सांगतात. माझ्या मते ही मुदत मुलांनी आणि त्यांच्या प्रशिक्षकांनी फार मनावर घ्यायला हवी. वेदना संपते तेव्हा आतलं काम अर्धवटच झालेलं असतं.

टेंडन तुटण्याची तऱ्हा वेगळी. टाचेमागचं अ‍ॅकिलिस हे शरीरातलं सर्वांत जाड टेंडन. ते तुटतं तेव्हा मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटतं. सांधा डगमगत नाही, पण चवड्यावर उभं राहण्याची ताकद जाते. डॉक्टर पालथं झोपवून पोटरी दाबतात. धडधाकट पायाचं पाऊल तेव्हा खाली झुकतं, तुटलेल्याचं हलत नाही.

उपचारांतही फरक आहे. पाऊल आत वळून मुरगळतं तेव्हा घोट्याच्या बाहेरची लिगामेंट्स ताणतात किंवा फाटतात. त्यांना सुरुवातीला आधार हवा आणि लवकरच हलकी हालचाल. झटका देऊन पाय ‘उतरवून’ घेणं हा शुद्ध धोका आहे. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल तर आधी एक्स-रे काढावा. जुनं दुखणारं टेंडन मात्र नुसत्या विश्रांतीने बरं होत नाही, त्याला बेताबेताने वाढवत नेलेला भार लागतो. स्वीडनच्या हाकान अल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये अ‍ॅकिलिससाठी पायरीच्या कडेवर टाच सावकाश खाली सोडण्याचा 12 आठवड्यांचा व्यायाम मांडला. जगभरचे फिजिओथेरपिस्ट तो आजही देतात.

आणखी एक गोष्ट फक्त टेंडनसाठी. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स टेंडनला इजा करू शकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2008 मध्ये तसा ठळक इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला. साठीपुढच्यांना आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. या गोळ्या चालू असताना टाचेमागे दुखू लागलं तर पळणं, जिने चढणं थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.