वकील चुकला म्हणून दावा गेला, तर नवीन टाकू? थांबा राजेहो

सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टासमोर चहा पिता पिता हा सल्ला कोणीही देते, वकील तारखेला गेला नाही आणि दावा डिफॉल्टमधी, म्हणजे गैरहजेरीमुळं, खारीज झाला, तर टेन्शन नको, तोच दावा नव्यानं टाका. अर्धवट ज्ञान आहे हे, आणि महागात पडणारं.

आधी रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या त्या तारखेच्या नोंदीची, नक्कल काढा, कारण सगळा खेळ तिथंच आहे. त्या दिवशी दोन्ही पार्ट्या गैरहजर असतील तर दावा टाकायच्या कायदेशीर मुदतीत असल्यास नवा दावा टाकता येते. पण प्रतिवादी हजर होता आणि फक्त तुमच्याकडून कोणीच नव्हतं, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 9 रूल 9 नुसार त्याच कारणावर नवा दावा चालतच नाही, मग रिस्टोरेशनचा, म्हणजे तोच दावा परत सुरू करायचा, अर्जच करा लागते, तोही खारीज झाल्यापासून 30 दिवसांत, उशीर झाला तर सोबत विलंब माफीचा अर्ज, आणि रिस्टोरेशनचा अर्ज नामंजूर झाला तर त्याच संहितेच्या ऑर्डर 43 खाली अपील.

दुसरी गोष्ट, "वकिलाची चूक" म्हटलं की कोर्ट माफ करतेच असंही लोक सांगून राहिले. 1981 च्या रफिक विरुद्ध मुन्शीलाल निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, बरोबर, पण 1993 च्या सलिल दत्ता प्रकरणात त्याच कोर्टानं सांगितलं की हा काही सरसकट नियम नाही. तुम्ही स्वतः काय केलं हे विचारतेच कोर्ट. वकिलाला केलेले मेसेज, फीच्या पावत्या, आजारपणाचे कागद असं काही असन तर अर्जासोबत ॲफिडेव्हिटवर लावा.